गव्हाच्या पेरणी यंत्रावर मका: काय बदलायचं आणि काय नाही

शिरूर तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाने विचारलंय: ‘ट्रॅक्टरला जोडायचं नऊ फणी पेरणी यंत्र घरचं आहे. गहू, हरभरा, सोयाबीन त्यानेच पेरतो. आता गायी वाढल्या, मुरघासासाठी, म्हणजे कुट्टी करून हवाबंद साठवायच्या चाऱ्यासाठी, तीन एकर मका करायचाय. हाताने एकेक दाणा टोकायला बायका मिळत नाहीत. याच यंत्राने मका पेरता येईल का? गावातला वेल्डर म्हणतो, मधले फण काढले की काम झालं.’

दादा, वेल्डर अर्धं बरोबर सांगतोय. फण, म्हणजे जमिनीत चर पाडणारे दाते, काढले की दोन ओळींमधलं अंतर जमेल. पण दोन दाण्यांतलं अंतर फणावर ठरत नाही, ते वर पेटीत ठरतं आणि तुमची खरी अडचण तिथे आहे. मी भोसरीत पेरणीची अवजारं बनवतो आणि हंगामात तीच दुरुस्त करत जिल्हाभर फिरतो. दुसऱ्या पिकासाठी यंत्र बदलून मागणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी फणांकडे बोट दाखवतो. मी आधी पेटीचं झाकण उघडायला सांगतो.

काही पिकं आपण तोलून पेरतो, काही मोजून. गव्हाला एकरी ४० किलो म्हटलं की कुठला दाणा कुठे पडला हे कोणी बघत नाही. मका, भुईमूग मात्र जुनी माणसं टोकत आली, कारण तिथे प्रत्येक दाण्याची जागा ठरलेली. पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, आणि टोकण ही दोन वेगळी कामं होती. तुमचं यंत्र हे पाभरीचं लोखंडी रूप आहे आणि त्याच्याकडून तुम्ही टोकणीचं काम मागताय.

पेटीच्या तळाशी बघा. प्रत्येक नळीच्या तोंडाशी आडव्या दांड्यावर बसवलेला पन्हळीदार रोलर दिसेल. बाजूचा दांडा सरकवला की रोलर पेटीत कमी-जास्त शिरतो आणि बियाणं कमी-जास्त पडतं. हा रोलर दाणे मोजत नाही, ओंजळ ओतत राहतो. गव्हाला एकरी ४० किलो आणि दोन ओळींत साडेबावीस सेंमी धरलं तर एका मीटर ओळीत सव्वादोन ग्रॅम, म्हणजे पन्नास-पंचावन्न दाणे पडतात. त्यात चार कमी, सहा जास्त झाले तरी पिकाला कळत नाही. गहू फुटवे काढून मोकळी जागा भरतो. मक्याला त्याच मीटरमध्ये पाच दाणे हवेत. पन्हळी रोलर ते पाच कसे टाकतो? तीन एका ठिकाणी आणि पुढे अर्धा मीटर रिकामं. मका फुटवे काढून जागा भरत नाही. खाडा पडला तो काढणीपर्यंत तसाच, आणि जिथे तीन दाणे एकत्र पडले तिथे एक ताट वाढतं, बाकीची वांझ राहतात. मुरघासात कणसाचा दाणाच नसेल तर नुसती वैरण भरल्यासारखं होतं.

शिवाय इतकं कमी बियाणं पाडायचं तर रोलर जेमतेम उघडा ठेवावा लागतो. त्या फटीत मक्याचा दाणा नीट शिरत नाही, अडकतो, चिरडतो. महागाचं संकरित बियाणं पेटीतच भरडलं जातं. तळाची झडप मोठ्या दाण्यासाठी खाली करायची सोय असेल, तर ती हरभऱ्याला करता तशी करून चिरडणं थोडं कमी होतं. अंतर मात्र सुधारत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. मका हिरव्या चाऱ्यासाठी कापायचा असेल, म्हणजे आफ्रिकन टॉलसारखा, तर एकरी ३० किलो बियाणं ३० सेंमी ओळीत टाकतात. हिशेब केला तर मीटरला तेच सव्वादोन ग्रॅम येतात, गव्हाइतकेच. त्या मक्याला तुमचं यंत्र आहे तसं चालेल. क्लॅम्प सरकवून सात फण ३० सेंमीवर लावा, झडप खाली करा आणि पेरा, खर्च शून्य. पण कणसासकट कुट्टी करून मुरघास भरायचा, संकरित बियाणं एकरी आठ किलोच्या आसपास टाकायचं, तर पुढचं वाचा.

ओळींपासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. साडेबावीस सेंमीवर नऊ फण म्हणजे पहिल्यापासून नवव्यापर्यंत १८० सेंमी. वेल्डर सांगेल दुसरा, पाचवा आणि आठवा ठेवा, बाकी काढा. साडेसदुसष्ट सेंमीच्या तीन ओळी मिळतात आणि गव्हाला जिथे वळता तिथेच वळलं की दोन फेऱ्यांच्या सांध्यातलं अंतरही बरोबर येतं. कागदावर झकास. पण दुसरा आणि आठवा फण मधल्यापासून साडेसदुसष्ट सेंमीवर येतात, आणि ४०-५० एचपीच्या ट्रॅक्टरची मागची चाकं साधारण १३०-१४० सेंमी अंतरावर असतात. म्हणजे तीनपैकी दोन ओळी बरोबर टायरच्या दाबलेल्या पट्ट्यात. गव्हात नऊपैकी दोन-तीन ओळी दबल्या तर खपून जातं. इथे दोन तृतीयांश पीक कडक जमिनीत उगवणार, आणि काळ्या रानात वाफसा जरा ओलसर असला तर तिथे फण नुसता चर पाडतो, माती परत पडत नाही.

त्यापेक्षा चार फण ६० सेंमीवर लावा. टोकाचे दोन आहेत तिथेच राहतात, मधले दोन डाव्या टोकापासून ६० आणि १२० सेंमीवर. टायर मग दोन ओळींच्या मध्ये चालतो. बाहेरच्या ओळीपासून फार लांब नाही, पण ओळीवर चढत नाही. वरच्या पेटीतली पहिली, चौथी, सहावी आणि नववी तोंडं या चार फणांच्या जवळजवळ डोक्यावरच येतात, मधल्या नळ्यांना साडेसात सेंमीचा तिरकसपणा येतो इतकाच. एक लक्षात ठेवा: यंत्राची रुंदी आता २४० सेंमी झाली. ड्रायव्हर सवयीने गव्हाच्या खुणेवर वळला तर सांध्यात दोन ओळी साडेबावीस सेंमीवर येतील. पुढच्या फेरीची खूण जमिनीवर ओढणारा मार्कर नव्याने लावा, किंवा पहिल्या दोन फेऱ्यांना टेप घेऊन स्वतः उभे राहा.

आता पेटी. इथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट पन्हळी रोलरच्या जागी खाचा पाडलेला नायलॉनचा रोलर बसवायची. लेथवाला अर्ध्या दिवसात करून देतो, स्वस्त पडतं. काही जण तर जुन्याच रोलरच्या पन्हळी एम-सीलने बुजवून दोन-तीन उघड्या ठेवतात. हे दुसरं अजिबात करू नका. एम-सील सुटून दाण्यांबरोबर नळीत जातं आणि गव्हाच्या वेळी तोच रोलर निकामी होतो. नायलॉन रोलर चालतो, पण जादा दाणा मागे सारणारा ब्रश त्या घरात बसवायला जागा नसते. म्हणून दोन-दोन दाणे पडतात, कडेला चिरडतात. अर्धा एकर असता तर म्हटलं असतं करा.

दुसरी वाट तिरक्या चकतीच्या पेट्यांची. तीन एकराला आणि पुढे दरवर्षी मका करायचा असेल तर मी हीच सांगेन. प्रत्येक ओळीला छोटी स्वतंत्र पेटी, तिच्यात तिरकी बसवलेली, कडेला खाचा असलेली चकती. चकती फिरताना खालच्या ढिगातून प्रत्येक खाचेत एक दाणा उचलते, वर नेताना जादाचे दाणे ब्रशने आणि स्वतःच्या वजनाने मागे घसरतात, आणि वरच्या टोकाला तो एक दाणा नळीत पडतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने ही पद्धत आपल्याकडे बरीच रुळवली. अशा चार पेट्या तयार मिळतात, तुमच्याच फ्रेमला बसतात. चकत्या पिकागणिक बदलता येतात, त्यामुळे पुढे भुईमूग, सोयाबीन, तूर यांनाही तीच पेटी कामाला येते.

तिसरी वाट हवेच्या दाबावरच्या टोकण यंत्राची. काम सगळ्यात नेटकं, पण तीन एकरासाठी विकत घेणं परवडत नाही. जवळच्या अवजार बँकेत असलं तर भाड्याने आणा आणि हा सगळा खटाटोप यंदापुरता तरी सोडा. हे मी माझ्या धंद्याविरुद्ध सांगतोय, पण खरं आहे.

चकतीवर गेलात तर दोन गोष्टी स्वतः तपासा, दुकानदारावर सोडू नका: खाचेचं माप आणि खाचांची संख्या.

माप तुमच्या बियाण्यावरून ठरतं. खाच सगळ्यात मोठ्या दाण्यापेक्षा साधारण दहा टक्के मोठी आणि चकतीची जाडी दाण्याच्या जाडीइतकी हवी. मक्यात गंमत अशी की एकाच कणसाच्या मधले दाणे चपटे आणि टोकाचे गोल असतात. पिशवीत प्रतवारी केलेलं बियाणं असलं तर प्रश्न नाही. मिसळ असली तर चपट्याच्या खाचेत गोल दाणा अडकतो आणि गोलाच्या खाचेत दोन चपटे बसतात. म्हणून बियाणं आधी घ्या, मग मूठभर दाणे घेऊन चकती घ्यायला जा. मनासारखी मिळाली नाही तर भोसरीत लेझर कटिंगवाले चकतीच्या नमुन्यावरून कापून देतात. चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग गावात नडलं तर रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जातं.

संख्येचा हिशेब असा. चेनवरून चकती फिरवणाऱ्या, जमिनीवर चालणाऱ्या चाकाचा व्यास ४० सेंमी असेल तर घेर सव्वा मीटरच्या किंचित वर, १२५.६ सेंमी. चाकाचे दोन फेरे झाले की चकतीचा एक फेरा होतो असं धरू. म्हणजे चकतीच्या एका फेऱ्यात यंत्र २५१ सेंमी पुढे जातं आणि २० सेंमीवर दाणा हवा तर साडेबारा खाचा येतात. इथे बहुतेक जण १२ खाचांची चकती घेतात आणि उगवण विरळ झाली की बियाण्याच्या कंपनीला शिव्या देतात. चाक भुसभुशीत रानात घसरतं. घसरलं की चकती मागे राहते, ट्रॅक्टर पुढे जातो, अंतर वाढतं. तुमच्या रानात किती घसरतं ते मोजणं सोपं आहे: चाकावर खडूची रेघ मारा, पेरणीच्या खोलीवर यंत्र टेकवून दहा फेरे होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. न घसरता १२.५६ मीटर यायला हवं. १४ मीटर आलं तर घसरण दहा टक्के. आता त्या १४ मीटरमध्ये चकतीचे पाच फेरे झाले; १४ खाचांची चकती असली तर ७० दाणे पडले, म्हणजे बरोबर २० सेंमी. चकतीवर १४ खाचा नीट मावत असतील तर हाच आकडा धरा. मावत नसतील तर चकती जोरात फिरवण्यासाठी स्प्रॉकेट बदलण्याऐवजी मोठ्या व्यासाची चकती बघा. जोरात फिरणारी चकती खाच रिकामी घेऊन वर येते.

वेगाचंही तेच. ताशी तीन-साडेतीन किलोमीटर, त्यापुढे नाही. त्या वेगाला अशी चकती मिनिटाला वीसेक फेरे मारते, दाणा बसायला वेळ मिळतो. गव्हाला चालवता त्या गिअरात चालवलंत तर एवढी मेहनत फुकट. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर ड्रायव्हरशी पैसे तासावर ठरवा, एकरावर नाही.

एक चूक मी सारखी बघतो. चकतीच्या पेट्या जुन्या मोठ्या पेटीच्या जागी, उंचावर बसवतात आणि खाली हातभर लांबीची, आतून वळ्या-वळ्यांची प्लास्टिक नळी सोडतात. चकतीने एकेक मोजून दिलेले दाणे त्या वळ्यांवर आपटत उड्या मारत खाली येतात आणि जमिनीवर पडेपर्यंत अंतराचा पत्ता नसतो. पेटी जितकी खाली बसवता येईल तितकी बसवा. नळी गुळगुळीत, सरळ आणि आखूड हवी. वर मी साडेसात सेंमीचा तिरकसपणा चालेल म्हटलं ते खताच्या नळीसाठी. बियाण्याची पेटी मात्र फणाच्या बरोबर वरच सरकवा, स्वतंत्र पेट्यांचा फायदाच तो आहे.

खताकडे कोणी बघत नाही आणि उगवण तिथेच मार खाते. नऊ ओळींच्या चार झाल्या. गव्हाला एकरी एक पोतं डीएपी म्हणजे ओळीच्या मीटरला पावणेतीन ग्रॅम पडत होतं. तेच ५० किलोचं पोतं ६० सेंमीच्या ओळींत दिलं की मीटरला साडेसात ग्रॅमच्या जवळ जातं. पोतं तेच, पण दाण्याशेजारी अडीच पटीहून जास्त खत. हलक्या मुरमाड रानात, ओल कमी असताना, कोंब जळतो. खताची नळी बियाण्याच्या चरात न सोडता पाच सेंमी बाजूला आणि तितकीच खाली सोडणारा वेगळा फण लावा. ते जमत नसेल तर पेरताना अर्धंच खत द्या, बाकीचं कोळप्याच्या वेळी. युरिया बियाण्याबरोबर नकोच. आणि बंद केलेल्या पाच ओळींची खताची तोंडंही बंद करायला विसरू नका, नाहीतर निम्मं पोतं रानावर मोकळं सांडेल.

बीजप्रक्रिया केलेलं बियाणं खाचेत चिकटतं. लष्करी अळीमुळे आता बहुतेक संकरित मक्याच्या बियाण्याला रंगीत औषधाचा थर असतो, आणि दोन तासांत तो खाचेच्या कडेला साठतो. दाण्यांना चिमूटभर टाल्कम पावडर चोळा आणि प्रत्येक वेळी पेटी भरताना चकती जुन्या टूथब्रशने साफ करा. हातमोजे घाला, तो थर विषारी असतो. उरलेलं बियाणं जनावरांच्या पेंडीजवळ ठेवू नका.

खोली चार-पाच सेंमी. ही ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर अंदाजाने ठेवू नका. ढेकूळ आलं की यंत्र वर उचललं जातं आणि त्या दोन मीटरमधला मका उघडा पडतो. खोली ठरवणारी चाकं असतील तर त्यांवर ठेवा. नसतील तर वेल्डरला तेच काम द्या, फण काढण्यापेक्षा ते जास्त मोलाचं. फणामागे साखळी किंवा हलकी फळी ओढा, माती दाण्यावर बसली पाहिजे.

रानात जाण्याआधी अंगणात मोजणी करा. यंत्र जॅकवर उचला, चारही नळ्यांना पिशव्या बांधा. २४० सेंमी रुंदीने एक गुंठा पेरायला ४२ मीटर चालावं लागतं. घसरण धरून चाकाचे ३० फेरे. हाताने, चालण्याच्या गतीने ३० फेरे फिरवा आणि प्रत्येक पिशवीतले दाणे मोजा. २१० च्या जवळपास यायला हवेत. चारही पिशव्यांत सारखेच कमी आले तर चकतीचा वेग किंवा पेटीतली बियाण्याची पातळी बघा. एकाच पिशवीत कमी आले तर त्या पेटीचा ब्रश कडक आहे किंवा खाच अडली आहे. फुटलेले दाणे वेगळे काढून मोजा. शंभरात एक-दोन ठीक, पाच म्हणजे ब्रश बदला. चारही पिशव्या मिळून वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरलं की एकरी आठ किलो झालेच. नंतर रानात दहा मीटर उघड्यावर, माती न झाकता चालवून बघा. अंगणातला आकडा आणि रानातला आकडा कधीच एक येत नाही, रानातला खरा धरा.

तुमच्या भागातल्या बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न कांद्याचा असतो. चकतीची पेटी घेतली की कांदाही पेरता येईल का? मक्याच्या जोरावर कांद्याकडे जाऊ नका. कांद्याच्या हजार बियांचं वजन तीन-चार ग्रॅम, आकार वेडावाकडा. त्याला वेगळी यंत्रणा आणि बारीक केलेली जमीन लागते. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथे जाऊन बघा आणि मग ठरवा. बाजरी मात्र जमते. एकरी दीड किलो इतकं कमी बियाणं पाडायला बारीक खाचांची वेगळी चकती लागते, आणि खोली दोन-तीन सेंमीच्या पुढे न्यायची नाही.

पैशाचं एवढंच सांगतो की सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणातून अनुदान घ्यायचं असेल तर आधी अर्ज आणि पूर्वसंमती, मग खरेदी. बिल आधी फाडलं तर अनुदान विसरा. घाई नसेल तर डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात चार कंपन्यांच्या चकत्या शेजारी ठेवून बघता येतात. जाताना बियाण्याची पुडी खिशात ठेवा आणि स्टॉलवाल्याला चकतीत तेच दाणे घालून फिरवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

क्लॅम्प सैल करण्याआधी फ्रेमवर नऊही फणांच्या जागी छिन्नीने खूण करा, म्हणजे रब्बीत गव्हाला परत लावताना टेप शोधावा लागणार नाही. काढलेले पन्हळी रोलर खताची धूळ झाडून, तेलाचा हात फिरवून ठेवा. आणि मला दोन आकडे कळवा: चाकाचा घेर, आणि चाकापासून पेटीपर्यंत चेनवर जितकी स्प्रॉकेट आहेत त्या प्रत्येकाचे दाते. त्यावरून तुमच्या यंत्राला नेमक्या किती खाचांची चकती लागेल ते सांगतो.